मंडई आणि हलके धान

अलीकडे मोठ्या शहरांतून मैदान भाड्याने घेऊन, कनाती उभारून खाद्यमहोत्सव भरविण्याची प्रथा पडली आहे. आमच्या बालाघाटाकडे असा महोत्सव कोणी मुद्दाम भरवावा लागत नाही. भाऊबीज सरली की तो गावोगाव आपोआप उभा राहतो. त्याला आम्ही मंडई म्हणतो.

मंडईचा काळ दिवाळीनंतरच का, याचे उत्तर पंचांगापेक्षा शेतात अधिक सापडते. वैनगंगेच्या खोऱ्यात धानाचे दोन प्रकार मानतात, हलके आणि भारी. हलके धान दिवाळीच्या सुमारास कापणीला येते. घरात पहिला दाणा येतो, मजुराच्या हाती चार पैसे येतात आणि सासरी गेलेल्या लेकी भाऊबिजेला माहेरी आलेल्याच असतात. त्यामुळे मंडईत मुरमुरे, लाह्या आणि पोहे यांचे ढीग दिसतात. ते या पहिल्या धानाचेच रूप होय. शेजारी ढीमरांनी तलावातून काढलेले शिंगाडे, ऊस, रताळी आणि कढईतून निघणारी भजी. एका गावची मंडई दुसऱ्या गावच्या आड येऊ नये, म्हणून बहुधा आठवडी बाजाराचा वार पाहून तिचा दिवस ठरतो. या साध्या व्यवस्थेमागे केवढा जुना शहाणपणा आहे, हे आम्हांस सरकारी नोकरीत सभांच्या तारखा जुळवताना फार जाणवे.

गोवारी ढाल घेऊन नाचत येतात, तेव्हा मंडईला खरा रंग चढतो. रात्री दंडार आणि खडी गंमत. प्रेक्षकांत पोवार, मरार, लोधी, कुणबी, गोंड सारेच असतात. बोलणे पोवारी, मराठी, हिंदी आणि गोंडी असे मिसळून चालते. बैहरकडच्या पठारावरील गोंडांच्या घरी मात्र नव्या अन्नाचा मान त्याआधीच नवाखाईत झालेला असतो. देवापितरांना दाखविल्याशिवाय नवा दाणा तोंडात घालायचा नाही, हा त्यांचा दंडक. तिकडे कोदो-कुटकीचे महत्त्व तांदळाहून कमी नाही.

ही मिसळण आजची नव्हे. हा मुलूख नागपूरकर भोसल्यांकडे होता. १८५४ मध्ये त्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६७ पासून भंडारा, शिवनी व मंडला या जिल्ह्यांचे भाग जोडून बालाघाट जिल्हा घडविण्यात आला. त्याचे मुख्य ठाणे बुऱ्हा, म्हणजेच आजचे बालाघाट शहर. पुढे भरवेलीच्या मँगनीज खाणीने आणि रेल्वेने बाहेरची माणसे आणली. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो, आणि नागपूर ही आमची राजधानी उरली नाही. बाघ नदीच्या दोन्ही तीरांवर मंडई मात्र तशीच भरत राहिली. शाळेतली मराठी आटली. दंडारीतली टिकली, हे आम्हांस नोंदवावेसे वाटते.

भारी धानाची कथा निराळी आहे. चिन्नोर हा आमच्याकडचा सुवासिक तांदूळ, खिरीचा आणि पाहुण्यांचा. तो शेतात सुमारे पाच महिने उभा राहतो, उत्पन्न थोडे देतो आणि वाऱ्यापावसात लोळतो. लवकर येणाऱ्या, भरघोस वाणांपुढे त्याचे क्षेत्र आक्रसत गेले. २०२१ मध्ये बालाघाटच्या चिन्नोरास भौगोलिक मानांकन मिळाले. भंडाऱ्याच्या चिन्नोरासही महाराष्ट्राच्या नावाने वेगळे मानांकन आहे. एकाच खोऱ्यातील एका तांदळाला दोन राज्यांचे दोन दाखले! सीमारेषेने जे दंडारीचे केले नाही, ते कागदाने भाताचे केले. तरीही मानांकनाचा आनंद आम्ही मानतो, कारण निदान नाव तरी लिहिले गेले. पण दाखला दाण्याला मिळतो. तो पेरणाऱ्याच्या पदरात भाव किती पडतो, हा प्रश्न वेगळाच.

गेल्या मंडईत मुरमुऱ्याच्या ढिगामागे बसलेल्या एका वृद्ध बाईंना आम्ही विचारले, ‘‘आजी, घरी चिन्नोर लावता का?’’ त्या हसल्या. ‘‘लावतो ना बाबूजी, खिरीपुरता. पोरगा म्हणतो, तेवढी बांधीही सोड.’’ आणि मुरमुऱ्याचे माप भरून, वर एक मूठ अधिक टाकून, त्यांनी पुडी आमच्या हाती दिली.