अंगोलाचा आक्वा

फुटबॉलच्या खेळांत गोल मोजणें अगदीं सोपें असतें. चेंडू जाळ्यांत गेला, पंचानें शिटी वाजविली, कीं गोल झाला. परंतु तो गोल कोणाच्या नांवें जमा धरावयाचा, हा प्रश्न मात्र दिसतो तितका सोपा नाहीं. खेळणारा ज्या भूमींत जन्मला त्या भूमीच्या नांवें, कीं ज्यांनीं त्याला वेतन दिलें त्यांच्या नांवें? आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरील अंगोला या देशाला हा प्रश्न फार वर्षें छळीत होता. त्याचें निःसंदिग्ध उत्तर त्या देशाला मिळालें तें ८ ऑक्टोबर २००५ रोजीं, आणि तें दिलें आक्वा नांवाच्या आघाडीच्या एका खेळाडूनें. त्या दिवशींच्या त्याच्या गोलाची खरी किंमत कळावयाची, तर त्याच्या कारकिर्दीबरोबर त्याच्या देशाचा इतिहासहि थोडा पाहिला पाहिजे.

अंगोला हा विस्तारानें महाराष्ट्राच्या चौपट देश. त्याची राजधानी लुआंडा हें शहर पोर्तुगीजांनीं १५७६ मध्यें वसविलें. आणि मधला डचांचा अल्प काळ सोडला, तर १९७५ पर्यंत तेथें त्यांचाच अंमल राहिला. गोमंतकाचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या अंमलाची रीत निराळी समजावून सांगण्याचें कारण नाहीं. १९५१ मध्यें लिस्बनच्या सरकारनें आपल्या वसाहतींना वसाहती म्हणणें सोडून 'सागरापलीकडील प्रांत' असें नवें नांव दिलें. नांव बदललें, स्थिति होती तीच राहिली. प्रांताला स्वतःचा राष्ट्रीय संघ कोठला? तेथील उत्तम खेळाडूनें आगबोटींत बसून लिस्बनला जावें आणि पोर्तुगालचा गणवेश अंगावर चढवावा, हाच काय तो राजमार्ग होता.

या मार्गानें गेलेलीं माणसें सामान्य नव्हतीं. फेर्नांदो पेय्रोतेउ हा १९१८ मध्यें अंगोलाच्या दक्षिणेकडील हुंपाटा गांवीं जन्मला. १९३७ मध्यें तो लिस्बनच्या स्पोर्टिंग संघांत दाखल झाला आणि पुढील बारा वर्षांत पोर्तुगालच्या साखळी सामन्यांत त्यानें तीनशेंहून अधिक गोल केले. जुझे आग्वाश १९३० मध्यें लुआंडांत जन्मला व लोबितो बंदरांत वाढला. १९५० मध्यें लिस्बनचा बेन्फिका संघ अंगोलाच्या दौऱ्यावर आला असतां या कोवळ्या तरुणाचा खेळ त्यांच्या डोळ्यांत भरला, आणि त्यांनीं त्याला पोर्तुगालला नेलें. ३१ मे १९६१ रोजीं बर्न येथें बार्सिलोनाला ३-२ असें हरवून बेन्फिकानें युरोपचा चषक जिंकला, तो याच आग्वाशनें कर्णधार या नात्यानें उचलला. त्या संघांत लोबितोचाच सांताना होता, मोझांबिकचा कोलुना होता. पेय्रोतेउ व आग्वाश हे गोऱ्या पोर्तुगीज कुळांत जन्मले होते, सांताना व कोलुना तसे नव्हते. पण जमाखर्चाच्या वहींत या सर्वांचे गोल एकाच बाजूला, म्हणजे पोर्तुगालच्या बाजूला, मांडले गेले.

१९६१ हें साल मोठें विलक्षण आहे. त्या वर्षीं ४ फेब्रुवारीला लुआंडाच्या तुरुंगावर व पोलीस ठाण्यावर हल्ले होऊन अंगोलाच्या स्वातंत्र्ययुद्धाला तोंड लागलें, आणि १९ डिसेंबरला गोमंतक पोर्तुगीज सत्तेतून मुक्त झालें. या दोन तारखांच्या मध्यें बर्नचा तो विजय येतो. साम्राज्याच्या भिंतीला तडे जात होते, आणि त्याच साम्राज्यांतील खेळाडू युरोपच्या मैदानावर कळस चढवीत होते.

पुढें २५ एप्रिल १९७४ रोजीं लिस्बनमध्यें लष्करानेंच हुकूमशाही उलथून टाकली, आणि ११ नोव्हेंबर १९७५ रोजीं अंगोला स्वतंत्र झाला. पण स्वातंत्र्याच्या पाठोपाठ आला तो यादवीचा वणवा. स्वातंत्र्यासाठीं लढलेले पक्षच एकमेकांवर उठले. एका बाजूला रशियाचीं शस्त्रें आणि क्यूबाचें सैन्य, दुसऱ्या बाजूला दक्षिण आफ्रिकेचें सैन्य आणि अमेरिकेचा पैसा, असें हें युद्ध, मधले कांहीं तहनामे धरूनहि, तब्बल सत्तावीस वर्षें चाललें. सुमारें पांच लक्ष माणसें त्यांत बळी पडलीं. लोबितोहून देशाच्या अंतर्भागांत जाणारी बेंगेलाची प्रसिद्ध रेल्वे बंद पडली, आणि शेतें सुरुंगांनीं भरून गेलीं. अशाहि स्थितींत १९७९ मध्यें राष्ट्रीय फुटबॉल संघटना निघाली आणि त्याच वर्षीं देशाचे साखळी सामने सुरू झाले. राष्ट्रीय संघाला लोकांनीं 'काळे पालांका' असें नांव दिलें. पालांका हा भव्य शिंगांचा काळा हरिण फक्त अंगोलांतच आढळतो. युद्धाच्या धुमाळींत तो नामशेष झाला, असें पुष्कळांना वाटूं लागलें होतें.

अशा काळांत, ३० मे १९७७ रोजीं, बेंगेला या समुद्रकांठच्या शहरांत फाब्रिस आल्सेबियादेस मायेको याचा जन्म झाला. 'आक्वा' हें त्याचें मैदानावरील नांव. पुढें सर्वांच्या तोंडीं तेंच राहिलें. स्वतंत्र अंगोलांत जन्मलेल्या पहिल्या पिढीचा हा मुलगा. पोर्तुगीज निशाणाखालीं तो एक दिवसहि जगला नाहीं, आणि वयाची चोविशी उलटेपर्यंत टिकाऊ शांततेचेंहि दर्शन त्याला झालें नाहीं. गांवच्या नासियोनाल द बेंगेला या संघांत त्याचा खेळ घडला. उंच बांधा, खांद्यांत ताकद आणि उडी घेऊन डोक्यानें चेंडू मारण्याची हातोटी, हें त्याचें भांडवल. तें भांडवल घेऊन ऐन पौगंडावस्थेंत तो लिस्बनला गेला, आणि गेला तोहि आग्वाशच्या बेन्फिकांत.

येथें जुनी गोष्ट पुन्हा घडावयाची होती. पण ती घडली नाहीं. बेन्फिकाच्या पहिल्या संघांत आक्वाला पाय रोवतां आले नाहींत. त्याला अल्व्हेर्का या लहान संघाकडे पाठविण्यांत आलें. नंतर तो कोइंब्रा या विद्यापीठाच्या नगरींतील आकादेमिका संघाकडे गेला. पोर्तुगालच्या वृत्तपत्रांनीं त्याच्यासाठीं मोठे मथळे राखून ठेवले नाहींत. वयाच्या एकविसाव्या-बाविसाव्या वर्षींच त्यानें युरोप सोडला आणि इराणच्या आखाताचा कांठ धरला. कतारमधील अल्-वक्रा संघांत त्याचें चांगलें बस्तान बसलें, आणि पुढें कतार स्पोर्ट्स क्लबकडूनहि तो खेळला. तेथें पैसा होता आणि गोलहि भरपूर झाले. परंतु आखातांतील गोलांना जगाच्या बाजारांत फारसा भाव नव्हता. परदेशींची त्याची कारकीर्द एवढीच पाहिली, तर ती एका मध्यम प्रतीच्या खेळाडूची कारकीर्द ठरते. पोटासाठीं परमुलखांत राबणाऱ्या आणि घरच्या हांकेची वाट पाहणाऱ्या असंख्य माणसांपैकीं तो एक होता.

पण घरची हांक येत असे, आणि ती आली कीं आक्वा जात असे. १९९०च्या दशकाच्या मध्यापासून २००६ पर्यंत त्यानें राष्ट्रीय संघाची आघाडी सांभाळली आणि ३९ गोल केले. अंगोलाकडून इतके गोल दुसऱ्या कोणींहि केलेले नाहींत. त्याच्या जीवनाचे हे दोन जमाखर्च शेजारीं शेजारीं मांडून पाहिले, म्हणजे त्याचें वेगळेपण ध्यानांत येतें. पेय्रोतेउ-आग्वाश यांची सारी कीर्ति परदेशीं झाली आणि जन्मभूमीच्या वांट्याला केवळ अभिमान आला. आक्वाला परदेशानें वेतन दिलें. कीर्ति मात्र त्यानें घरींच मिळविली.

या काळांत पोर्तुगालशीं अंगोलाचें नातें मैदानावरहि सरळ झालें नव्हतें. १४ नोव्हेंबर २००१ रोजीं लिस्बनमध्यें दोन्ही देशांचा मैत्रीचा म्हणून एक सामना ठरला. त्यांत अंगोलाच्या चार खेळाडूंना पंचानें बाहेर काढलें, आणखी एक जायबंदी झाला, आणि पोर्तुगाल ५-१ असा पुढें असतांना सामना अर्ध्यावर थांबवावा लागला. जुन्या जखमा खेळाच्या मैदानावर उघड्या पडल्या, असेंच त्या दिवसाचें वर्णन करावें लागतें. त्यानंतर तीनच महिन्यांनीं, २२ फेब्रुवारी २००२ रोजीं, बंडखोरांचा सेनानी जोनास साव्हिंबी लढाईंत ठार झाला, आणि ४ एप्रिलला शांततेचा करार झाला. बंदुका थंडावल्या.

शांततेच्या दुसऱ्याच वर्षीं २००६ च्या विश्वचषकासाठीं निवडीचे सामने सुरू झाले. प्रशिक्षक होते ओलिव्हेरा गोंसाल्व्हिस. त्यांच्याच हाताखालीं अंगोलाच्या तरुण संघानें २००१ मध्यें आफ्रिकेचें अजिंक्यपद मिळविलें होतें. आरंभ मात्र चांगला झाला नाहीं. चाड देशाच्या संघानें आपल्या मैदानावर अंगोलाला ३-१ असें हरविलें. लुआंडांत अंगोलानें २-० असा विजय मिळविला, आणि परक्या मैदानावर केलेल्या त्या एका गोलाच्या बळावर पुढची पायरी कशीबशी गांठली. पुढें गटांत गांठ पडली ती नायजेरियाशीं, अल्जीरियाशीं, झिंबाब्वेशीं. गटांतून एकच संघ विश्वचषकाला जाणार होता, आणि तो नायजेरिया हें सर्वांनीं गृहीत धरलें होतें. २० जून २००४ रोजीं लुआंडांत सामना संपत आला असतां आक्वानें गोल केला आणि अंगोलानें नायजेरियाला १-० असें हरविलें. एक वर्षानें कानो शहरांत परतीचा सामना १-१ असा बरोबरींत सुटला. या दोन निकालांचें महत्त्व शेवटच्या दिवशीं कळलें. दोन संघांचे गुण समान झाले, तर त्यांच्यांतील परस्पर सामन्यांवरून निर्णय करावयाचा, असा नियम त्या स्पर्धेंत होता.

८ ऑक्टोबर २००५ चा दिवस उजाडला, तेव्हां दोन्ही संघांचे गुण समान होते. नायजेरिया अबुजा येथें झिंबाब्वेशीं खेळत होता आणि अखेर त्यानें ५-१ असा दणदणीत विजय मिळविला. अंगोलाचा सामना होता किगाली येथें, रवांडाशीं. १९९४ च्या भीषण नरसंहारांतून सावरूं पाहणारें तें शहर. रवांडा गटांत तळाला होता. तरी गोल कांहीं होईना. बरोबरी झाली असती, तर सारें संपलें असतें. एक तास उलटला, सत्तर मिनिटें उलटलीं. एकोणऐंशीव्या मिनिटाला झे कालांगानें बाजूनें चेंडू उंच टाकला, आक्वानें उडी घेऊन त्याला मस्तक लावलें, आणि चेंडू जाळ्यांत विसावला. त्या एका गोलावर सामना संपला. दोन्ही संघांचे गुण २१ झाले. नायजेरियाचे गोल २१ होते, अंगोलाचे अवघे १२. पण परस्पर सामन्यांच्या नियमानें अंगोला विश्वचषकाला गेला. म्हणजे आक्वाचा लुआंडांतील गोल सव्वा वर्ष थांबून किगालीच्या गोलाच्या मदतीला धांवून आला. त्या रात्रीं लुआंडाच्या रस्त्यांवर जो लोटला, तो जनसमुदाय अनेक वर्षांनीं केवळ आनंदासाठीं जमला होता. योगायोग असा, कीं त्याच वर्षीं अरण्यांत बसविलेल्या यंत्रांनीं पालांका हरिणाचीं छायाचित्रें टिपलीं आणि तोहि जिवंत असल्याचें सिद्ध झालें.

११ जून २००६ रोजीं जर्मनींतील कलोन येथें अंगोलाचा विश्वचषकांतील पहिला सामना झाला. प्रतिस्पर्धी कोण? पोर्तुगाल! दोन्ही कर्णधारांनीं समान नात्यानें हस्तांदोलन केलें. चौथ्याच मिनिटाला पोर्तुगालनें गोल केला. तेव्हां अनेकांना लिस्बनची ती जुनी आठवण झाली असेल. परंतु त्यानंतर अंगोलानें दुसरा गोल होऊं दिला नाहीं. मेक्सिकोशीं झालेला सामना ०-० असा सुटला. त्यांत दहाच खेळाडू उरले असतांना गोलरक्षक जुआंव रिकार्दोनें किल्ला लढविला. आणि या गोलरक्षकाला त्या वेळीं कोणत्याहि संघांत नोकरी नव्हती! तिसरा सामना इराणशीं लायप्झिगला झाला. त्यांत उत्तरार्धाच्या आरंभीं आक्वाला बाहेर बोलावून त्याच्या जागीं फ्लाव्हियोला धाडण्यांत आलें. थोड्याच वेळांत झे कालांगानेंच चेंडू टाकला, फ्लाव्हियोनें डोक्यानें तो जाळ्यांत धाडला, आणि विश्वचषकांतील अंगोलाचा पहिला गोल झाला. इराणनें पुढें बरोबरी साधली आणि अंगोलाचें आव्हान तेथेंच संपलें.

ज्यानें आपल्या देशाला विश्वचषकापर्यंत नेलें, त्याच्या नांवावर विश्वचषकांत एकहि गोल नाहीं. हें दैवाचें कठोरपण म्हणतां येईल. पण फ्लाव्हियोचा तो गोल झाला तेव्हां आक्वा मैदानाबाहेर होता, ही गोष्ट दुसऱ्याहि दृष्टीनें पाहतां येते. आपली जागा घ्यावयाला माणूस तयार असणें, हें कोणत्याहि संघाच्या प्रौढपणाचें लक्षण होय. त्या स्पर्धेनंतर आक्वानें राष्ट्रीय संघांतून निवृत्ति घेतली. २००८ च्या निवडणुकींत तो देशाच्या संसदेवर निवडून गेला.

मोठ्या संघांच्या इतिहासग्रंथांत आक्वाला चार ओळींपेक्षां अधिक जागा मिळणार नाहीं. बेन्फिकाच्या वहींत त्याचें खातें जवळजवळ कोरेंच आहे. पण त्याच्या देशाच्या वहींत ३९ गोल आहेत, आणि त्यांतील प्रत्येकापुढें लिहिलेलें नांव अंगोलाचें आहे. पेय्रोतेउच्या तीनशें गोलांपुढें ही संख्या लहान दिसते. पण ती जमा करणारा देश आतां स्वतःची वही स्वतः लिहीत होता.