समेची जागा ज्याची त्याची

जुलै 1980. तुम्ही बहामामधल्या नासाऊत, कंपास पॉइंट स्टुडिओत उभे आहात. बाहेर रस्ता ओलांडला की समुद्र. आत काचेपलीकडे चौघं: ड्रमवर ख्रिस फ्रान्झ, बासवर त्याची बायको टीना वेमथ, कीबोर्डशी जेरी हॅरिसन, आणि गिटार गळ्यात अडकवलेला डेव्हिड बर्न. हा न्यूयॉर्कचा बँड, टॉकिंग हेड्स. निर्माता ब्रायन एनोही वाद्यांमध्येच वावरतोय. त्यांचा 'रिमेन इन लाइट' हा अल्बम तयार होतोय, पण गाण्यांना अजून शब्दच नाहीत.

ऐका. टीना एक छोटासा तुकडा वाजवते, पुन्हा तोच, पुन्हा तोच. आता कॉर्ड बदलेल, असं तुम्हाला वाटतं. बदलत नाही. हॅरिसन त्यावर दोन-चार सुरांची वेल चढवतो, एनो आणखी काही टाकतो, आणि केव्हापासून आपला पाय हलतोय हे तुमचं तुम्हालाच सांगता येत नाही. आज असा तुकडा एकदा वाजवून संगणकावर हवा तितका लांबवता येतो. इथे तो माणसं हाताने वाजवताहेत, मिनिटामागून मिनिट. म्हणूनच त्यात बारीकसा श्वास आहे, किंचित पुढेमागे होणं आहे. नंतर मिक्सिंगच्या टेबलावर कुठला ट्रॅक उघडायचा आणि कुठला बंद करायचा, यातूनच गाण्याची रचना होईल. इथे कुणी एकटा उठून दिसत नाही. या अल्बमवर माझं प्रेम आहे ते मुख्यतः यासाठी.

तुकडे असे एकमेकांत गुंफण्याची ही रीत आली नायजेरियातल्या लागोसहून. एनो आणि बर्न तिथल्या संगीतकार फेला कुटीचा 1973चा 'आफ्रोडिझियॅक' हा अल्बम पुन्हा पुन्हा ऐकून बसलेत.

पुढे 'वन्स इन अ लाइफटाइम' होणारा ठेका सुरू झाला की टाळी धरून पाहा. सम कुठे आहे? एनोला ती बाकीच्यांपेक्षा वेगळ्याच मात्रेवर ऐकू येते. एरवी अशा वेळी कुणीतरी दुरुस्ती करतं. इथे ज्याने त्याने आपापली सम धरून वाजवायचं ठरतं. गाणं एकाच वेळी तरंगतं आणि जमिनीवर घट्टही राहतं ते त्यामुळे.

आता न्यूयॉर्कला, सिग्मा साउंड स्टुडिओत चला. बर्न मायक्रोफोनसमोर आहे. शब्द सुचत नव्हते, तेव्हा त्याने आधी निरर्थक अक्षरांनीच चाली बांधल्या. शिवाय त्याने अमेरिकन रेडिओवरच्या धर्मोपदेशकांची प्रवचनं टेपवर ऐकली आहेत. ऐका, तो गात नाही. रंगात आलेल्या कीर्तनकारासारखा श्रोत्याला प्रश्न विचारतो, आवाज चढवतो, मधेच तोडतो. त्याचा गळा गोड नाही, ताणलेला आहे, कुठल्याही क्षणी फाटेल असा. मागून गायिका नोना हेंड्रिक्सचा आवाज उत्तर देतो आणि तो ताण एकदम मोकळा होतो. 'द ग्रेट कर्व्ह'मध्ये तर एकावर एक आवाजांची इतकी गर्दी होते, की एड्रियन बेल्यूच्या गिटारला त्यातून किंचाळतच वाट काढावी लागते.

23 ऑगस्ट. कॅनडा, टोरांटोजवळ मोसपोर्टच्या रेसिंग ट्रॅकवर हीटवेव्ह महोत्सव. तुम्ही गर्दीत आहात. चौघांना हे संगीत मंचावर पेलणारं नाही, म्हणून सोबत बेल्यू, कीबोर्डवर पार्लमेंट-फंकाडेलिक या फंक बँडचा बर्नी वॉरेल, दुसऱ्या बासवर बस्टा जोन्स, तालवाद्यांवर स्टीव्ह स्केल्स. काळे-गोरे कलाकार एकाच ठेक्यात. अल्बम बाजारात यायला अजून दीड महिना आहे, त्यामुळे शेजारच्या कुणालाच ही नवी गाणी ठाऊक नाहीत. तरी नाचायला कुणी थांबलेलं नाही.

8 ऑक्टोबरला रेकॉर्ड निघते. आठ गाणी, साधारण चाळीस मिनिटं. पहिल्या बाजूची तिन्ही सलग, शक्यतो उभ्यानेच ऐका. शेवटचं 'द ओव्हरलोड' बसल्याशिवाय झेपणार नाही.

मग एकदम 2018मध्ये या. बेनिनमध्ये जन्मलेली अँजेलिक किजो हाच सबंध अल्बम नव्याने गातेय. तिच्या वादकांमध्ये टोनी ॲलन आहे, फेला कुटीसोबत ज्याने लागोसची ती रीत, म्हणजे आफ्रोबीट, घडवली तोच ड्रमर. आवाज थोडा वाढवा.