चातुर्मासात उभी राहिलेली गाडी आणि उंदरांचा हिशोब



मागच्या आठवड्यात इंदापूरच्या एका मैत्रिणीचा फोन आला. त्यांनीही आता आमच्यासारखी यात्रेची गाडी करून घेतली आहे. म्हणाली, "अगं, चार महिने गाडी शेडमध्ये उभी राहिली आणि उंदरांनी गादी फाडली, वायरी कुरतडल्या. औषध घालायला मन होत नाही आणि नाही घातलं तर गाडी जाते. तुमच्या गाडीत कसे शिरत नाहीत?"

मी म्हटलं, आमच्याही गाडीत शिरले होते. तेव्हा माझ्या हातून जे घडलं ते आजवर घराबाहेर कोणाला सांगितलं नव्हतं. आज सांगते. पण त्याबरोबर थोडा जुना इतिहासही सांगते, कारण या प्रश्नाचं उत्तर मला शेवटी तिथेच सापडलं.

आमची गाडी म्हणजे प्रवासी टेम्पो. त्यात चार जणांच्या झोपण्याची सोय, मागे छोटा ओटा, गॅसची शेगडी, पाण्याची टाकी. हौस म्हणून नव्हे, तर सासूबाईंचा नियम म्हणून ती तशी करून घेतली. गाळलेलं पाणी, सूर्यास्ताच्या आत जेवण आणि घरचाच चौका. बाहेरचं त्यांना चालत नसे. फेब्रुवारी २०१८ मध्ये श्रवणबेळगोळचा महामस्तकाभिषेक त्यांनी याच गाडीतून जाऊन पाहिला. दहिगाव, कुंथलगिरी, कुंभोज तर कितीदा झालं. आषाढात चातुर्मास लागला की यात्रा बंद आणि गाडी मळ्यातल्या शेडमध्ये. शेडच्या तीन बाजूंना ऊस. माळेगाव बुद्रुकला दुसरं काय असणार!

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली आणि त्या वर्षी गाडी फाल्गुनातच उभी राहिली. दोन दिवसांत निघायचं होतं म्हणून डब्यांतून चिवडा, खाकरे, शेंगदाणे तसेच भरलेले होते. पर्युषणाच्या आठेक दिवस आधी दार उघडलं तर वास अंगावर आला. गादीत घरटं, दिव्यांच्या वायरी उघड्या पडलेल्या, ओट्याखाली लेंड्याच लेंड्या. आमचे हे म्हणाले, "गॅसच्या नळीला दात लावले असते तर?" मला रात्रभर झोप आली नाही. कोणाला न सांगता मी डिंकाचा कागद मागवला आणि गाडीत ठेवला.

पहाटे जाऊन पाहिलं. एक लहान उंदीर चिकटला होता. जिवंत होता, ओरडत होता. मी तेल ओतलं, बोटांनी सोडवायला गेले, पण त्याची कातडीच निघायला लागली. तासाभराने तो गेला. त्या वर्षी मंदिर बंद होतं. क्षमावाणीच्या दिवशी घरातल्या देवघरासमोर बसले आणि सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तू त्याला मारायच्या आधी त्याला आत बोलावलंस. ती चूक मोठी."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मी बी.कॉम. झालेली बाई, मला हिशोबाच्या वह्या वाचायची सवय. आजेसासऱ्यांचं भुसार मालाचं दुकान होतं. त्यांच्या जुन्या चोपड्या माळ्यावर होत्या, त्या काढल्या. दर महिन्याला एक नोंद दिसली, 'मांजरास दूध'. आणि वर्षाच्या शेवटी 'घट'. म्हणजे उंदीर, किडे, सुकवण मिळून कमी भरलेला माल. मला आधी हसू आलं आणि मग विचार पडला. आपण उंदीर मारत नाही, पण मांजराला पगारावर ठेवतो, ही कोणती अहिंसा? सासूबाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "तुझ्या आजेसासूबाईंनी हेच विचारलं होतं. मग त्यांनी वखारीच्या दाराला खालून पत्रा मारून घेतला." पुढच्या दोन चोपड्यांमध्ये दूध आहे, पण घट कमी झालेली आहे. हा माझ्या दृष्टीने आमच्या घराण्याचा इतिहास!

आता गावाचा इतिहास. आपला हा भाग पूर्वी जिरायती. ज्वारी-बाजरी पिकायची आणि तीही सगळ्या वर्षी नाही. धान्य साठवायची दोन साधनं होती, पेव आणि कणगी. पेव म्हणजे जमिनीतला खड्डा. आतून सरमडाचं किंवा पाचटाचं अस्तर, वर माती-शेणाने लिंपून बंद. आत हवा उरत नसे म्हणून किडा जगत नसे. माणसालासुद्धा पेव उघडल्यावर लगेच उतरू देत नसत, कारण गुदमरून माणसं मेलेली आहेत. कणगी म्हणजे बांबूच्या किंवा तुरकाट्यांच्या विणलेल्या मोठ्या टोपल्या, आतून-बाहेरून शेणामातीने लिंपलेल्या आणि दगडांवर उचलून ठेवलेल्या. खालून मोकळं राहिलं की उंदराने भोक पाडलेलं लगेच दिसायचं. दर काही महिन्यांनी लिंपायचं काम बायकांचं. म्हणजे घरातल्या धान्याचं रक्षण हे आपल्या आज्या-पणज्यांच्या हातांनीच व्हायचं. पुढे १९६५ च्या सुमारास सरकारने धान्य वाचवण्याची मोहीम काढली आणि पत्र्याच्या कोठ्या घरोघर आल्या. आपल्यापैकी अनेकींच्या माहेरी ती कोठी अजून असेल.

दरम्यान पाणी आलं. १८७६-७७ च्या मोठ्या दुष्काळानंतर नीरा डावा कालवा झाला आणि १८८५ च्या सुमारास त्याचं पाणी या बाजूला खेळू लागलं. मग ऊस आला. इंदापूर तालुक्यात वालचंदनगरचा कारखाना उभा राहिला आणि १९५० च्या दशकात आपल्या माळेगावचा सहकारी कारखाना. उसाने घरं बांधली, मुलं शिकवली. पण उंदीर-घुशींनाही उसासारखं घर दुसरं नाही. वर्षभर सावली, ओल, गोड खाणं आणि बिळाला मऊ जमीन. पाऊस जोराचा झाला की बिळांत पाणी शिरतं, तोड सुरू झाली की डोक्यावरचं छप्पर जातं. दोन्ही वेळा ते कोरड्या, बंद, शांत जागेकडे पळतात. आमची गाडी नेमकी तशी जागा होती. उंदरीण तीन आठवड्यांत विते, एका वेळी पाच-सहा पिल्लं आणि ती पिल्लं पुढच्या दोन-अडीच महिन्यांत स्वतः वितात. चक्रवाढ व्याज माहीत असलेल्या बाईला चार महिन्यांत काय होतं ते वेगळं सांगायला नको.

उंदीर म्हटलं की आमच्या आजेसासूबाई प्लेगच्या गोष्टी सांगायच्या. घरात उंदीर पडला, म्हणजे मरून पडलेला दिसला, की गाव सोडायचं. माळावर झोपड्या घालून राहायचं आणि घराला कुलूप. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी हा रोग ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा भाग, आपल्या व्यापारी लोकांचा भाग. पुण्यात १८९७ साली काय झालं ते आपण शाळेत शिकलो. रँडचा जुलूम, २२ जूनच्या रात्री चाफेकरांनी झाडलेल्या गोळ्या. त्याआधी १० मार्चला सावित्रीबाई फुले प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. पुढच्या तीसेक वर्षांत हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं या रोगाने मेली.

सुरुवातीला सरकारला वाटायचं की रोग घाणीत आणि हवेत आहे. घरं धुवा, सामान जाळा, माणसं छावणीत न्या. उंदीर आणि माणूस यांच्यामधला दुवा १८९८ साली कराचीत पॉल-लुई सीमाँ या फ्रेंच डॉक्टरने शोधला. त्याने काचेच्या भांड्यात पिसवा असलेला आजारी उंदीर ठेवला आणि मध्ये जाळी घालून पलीकडे निरोगी उंदीर. अंगाला अंग लागत नव्हतं, तरी दुसरा आजारी पडला, कारण जाळीतून पिसवा जात होत्या. त्याच्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. १९०५ पासून मुंबईत परळला प्लेग संशोधन आयोगाने तेच पुन्हा करून पाहिलं. प्लेगच्या घरांत दोन पिंजरे ठेवले. एक साधा आणि एक पिसूही जाणार नाही अशा बारीक जाळीचा. साध्या पिंजऱ्यातली जनावरं मेली, बारीक जाळीतली वाचली. एवढा मोठा रोग, पण एका जाळीने अडला. हे वाचलं तेव्हा मला वखारीच्या दाराचा पत्रा आठवला.

त्या काळात आपल्या लोकांवर एक आरोप व्हायचा, आणि तो प्रामाणिकपणे सांगायला हवा. सरकार उंदीर मारायला सांगे आणि पापभीरू लोक पिंजऱ्यात सापडलेला उंदीर लांब नेऊन सोडून देत. दया खरी होती, पण त्या उंदराबरोबर पिसवाही दुसऱ्याच्या दारात जात. आपलं पाप वाचलं आणि शेजाऱ्याचं घर बुडालं, असंही होऊ शकतं.

दुसरी गोष्ट तर आपल्या डोळ्यांदेखतची. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला. बीड जिल्ह्यातल्या मामला गावातही घरांना तडे गेले आणि लोक भीतीने बाहेर झोपड्यांत राहायला गेले. धान्य मात्र जुन्या बंद घरांतच राहिलं. महिनोन् महिने बंद घर, आत धान्य आणि माणसाची चाहूल नाही. उंदीर वाढले, आणि ऑगस्ट १९९४ मध्ये त्याच गावात गाठीच्या प्लेगचा संशय आला. पुढच्याच महिन्यात सुरतेत घबराट उडाली आणि भरलेल्या गाड्या तिथून पळणाऱ्या माणसांना घेऊन निघाल्या. आपल्या किती नातेवाइकांनी तेव्हा तोंडाला रुमाल बांधून प्रवास केला, आठवतं? मी मामल्याची हकिगत वाचली तेव्हा अंगावर काटा आला. बंद जागा, आत खाणं, बाहेर सहा महिने शांतता. आमची गाडी म्हणजे चाकांवरचं तेच घर होतं.

मग मी रत्नकरंड श्रावकाचार पुन्हा उघडलं. अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार आपण लहानपणी पाठ केले आहेत. छेदन, बंधन, पीडन, अतिभारारोपण, आहारवारण. डिंकाच्या कागदात यातले किती येतात ते मोजा. पिंजरासुद्धा लावून दोन दिवस पाहिला नाही तर बंधन आणि आहारवारण दोन्ही होतं. अनर्थदंडातही पाच प्रकार आहेत. त्यातलं हिंसादान, म्हणजे विष-शस्त्र पुरवणं, मी कागद मागवून केलं. पण त्याच यादीत प्रमादचर्या आहे, निष्काळजीपणा. चिवड्याचा डबा आत सोडून मी दार लावलं, तो प्रमाद. सासूबाई तेच सांगत होत्या. उंदीर शिरल्यावर आपल्यापुढे जे मार्ग उरतात ते सगळे कमी-अधिक पापाचेच. स्वच्छ मार्ग एकच, त्याने आत यायच्या आधीचा.

आता मैत्रिणीला फोनवर सांगितलं ते तुम्हालाही सांगते.

गाडी उभी करायच्या दिवशी आतून खाण्याचा कण न् कण काढायचा. सीटच्या फटीतला पापडाचा तुकडाही. गाद्या, चादरी, टिश्यू पेपर घरात आणायचे, म्हणजे घरट्याला साहित्य राहत नाही.

मग एकाने आत दिवा घेऊन बसायचं आणि दुसऱ्याने अंधारात गाडीखाली वाकून पाहायचं. जिथून उजेड दिसतो तिथून उंदीर येतो. पेन्सिल जाईल एवढं भोक लहान उंदराला पुरतं. पाण्याच्या आणि गॅसच्या नळ्या जिथे तळातून आत येतात तिथेच बहुतेक भोकं असतात. त्यात स्टीलची तारेची घासणी घट्ट कोंबायची आणि वरून पत्रा किंवा पाव इंचाची लोखंडी जाळी मारायची. नुसता फोम किंवा प्लॅस्टिक ते एका रात्रीत कुरतडतात. गॅसचं सिलिंडर काढून ठेवायचं आणि नळीजवळचं काम मेकॅनिककडूनच करून घ्यायचं.

शेडची जमीन फरशीची, भोवतीचं गवत दोन-तीन हात काढलेलं. बाजूला पोती, लाकडं, पेंड ठेवायची नाही. दर आठ दिवसांनी दार उघडायचं आणि बॉनेटही. हे सगळ्यात महत्त्वाचं. डांबरगोळ्या, पुदिन्याचं तेल यांचा वास कालांतराने उडतो, त्यावर विसंबू नका.

लेंड्या दिसल्या तर कोरडा झाडू मारू नका. दारं उघडून हवा खेळू द्या, तोंडाला कापड, हातात मोजे, आणि ब्लीचच्या पाण्याने आधी भिजवून मग ओल्या फडक्याने पुसा. १९९३ साली अमेरिकेत रानउंदरांच्या लेंड्यांच्या धुळीतून हंताव्हायरसने माणसं दगावली, तेव्हापासून तिकडे बंद ठेवलेली मोटारहोम उघडतानाही हीच काळजी घ्यायला सांगतात. आपल्याकडे लेप्टो आहेच.

२०२१ च्या दिवाळीत, निर्वाण लाडू चढवून आल्यावर आम्ही गाडी उघडली. आत धूळ होती, बाकी काही नाही. एका वर्षी मात्र मागच्या दिव्याजवळची फट राहून गेली आणि एक आत आला. आठव्या दिवशी पाहिल्यामुळे घरटं व्हायच्या आत कळलं. दारं उघडी टाकून, दिवा लावून आम्ही लांब बसलो, तो आपला आपण गेला, आणि फट बुजवली.

सासूबाई आता नाहीत. त्यांची शेवटची यात्रा याच गाडीतून दहिगावची झाली. दर आषाढात मी स्वतः वाकून गाडीचा तळ तपासते. गुडघे कुरकुरतात. नातू म्हणतो, "आजी, मी बघतो." मी त्याला दिवा देते, पण भोकं मीच मोजते. आजेसासूबाईंच्या पत्र्याची नोंद चोपडीत नाही, फक्त कमी झालेली घट आहे. माझ्या वहीत मी दरवर्षी एक ओळ लिहिते: गाडी उघडली, जीव शून्य, नुकसान शून्य. आणि २०२० च्या पानावर लिहिलं आहे: जीव एक. ते खोडलेलं नाही.

त्या एका जीवाला, आणि माझ्या लिहिण्यात काही चुकलं असेल तर तुम्हा सर्वांना, उत्तम क्षमा.