ईप्रच्या वेशीवर रोज रात्री आठ वाजता

बेल्जियमच्या पश्चिमेस, फ्रान्सच्या सीमेनजीक ईप्र हे छोटे शहर आहे. तेथील मेनिन गेटखालचा रस्ता रोज रात्री आठच्या सुमारास पोलीस वाहतुकीस बंद करतात. ठोक्याला बिगूलवादक रस्त्याच्या मधोमध येतात आणि कमानीखाली 'लास्ट पोस्ट'चे सूर घुमतात. ब्रिटिश लष्करात दिवसाची समाप्ती जाहीर करणारी, सैनिकाच्या अंत्यविधीतही वाजणारी ही धून आहे. थोड्या वेळाने वाहने पुन्हा धावू लागतात.

पहिल्या महायुद्धात ईप्रभोवती चार वर्षे लढाई धुमसत होती. शहर बेचिराख झाले. तेव्हा या जागी कमान नव्हती, तटबंदीतील केवळ वाट होती. हजारो सैनिक तिथूनच आघाडीवर गेले. सर रेजिनाल्ड ब्लोमफिल्ड यांच्या आराखड्यानुसार उभारलेल्या स्मारकाचे अनावरण २४ जुलै १९२७ रोजी झाले. ज्यांची कबर ज्ञात नाही अशा ५४ हजारांहून अधिक सैनिकांची नावे त्यावर कोरलेली आहेत. तीही जागा अपुरी पडल्याने १५ ऑगस्ट १९१७ नंतर बेपत्ता झालेल्या सुमारे ३५ हजार जणांची नावे जवळच्या टाइन कॉट दफनभूमीत कोरावी लागली.

या भिंतींवर चारशेहून अधिक नावे भारतीय सैन्यातील जवानांची आहेत. एप्रिल १९१५ मध्ये जर्मनांनी येथे विषारी क्लोरीन वायू सोडला. त्यानंतर घाईने आणलेल्या लाहोर डिव्हिजनने २६ एप्रिल रोजी उघड्या मैदानातून चढाई केली. वायूपासून बचावाची धड साधनेही तेव्हा नव्हती. जमादार मीर दस्त यांना त्या दिवशीच्या पराक्रमाबद्दल व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

हा रोजचा मानवंदनेचा कार्यक्रम लष्कराचा किंवा सरकारचा असावा, असा पाहुण्यांचा समज होतो. प्रत्यक्षात तो स्थानिक नागरिकांच्या 'लास्ट पोस्ट असोसिएशन'चा आहे. कल्पना शहराचे पोलीसप्रमुख पिएर व्हान्डेनब्राम्बुश यांची. १९२८ च्या उन्हाळ्यात प्रयोगादाखल सुरुवात झाली आणि ११ नोव्हेंबर १९२९ पासून तो नित्याचा झाला. बिगूल वाजविणारे स्थानिक अग्निशमन दलाचे स्वयंसेवक असतात, व्यावसायिक वादक नव्हेत. पुढाऱ्यांच्या सोयीने वेळ बदलणाऱ्या आपल्याकडील सोहळ्यांची सवय असलेल्याला हा काटेकोरपणा विशेष जाणवतो.

नेमात खंड पडला तो दुसऱ्या महायुद्धात. २० मे १९४० पासून जर्मन ताब्यामुळे ईप्रमधील बिगूल थांबला. त्या काळात हा विधी इंग्लंडमधील ब्रुकवुड येथील लष्करी दफनभूमीत होत असे. ६ सप्टेंबर १९४४ रोजी पोलिश फौजांनी शहर मुक्त केले. काही भागांत चकमकी चालू असतानाच त्याच संध्याकाळी कमानीखाली बिगूल वाजला. ९ जुलै २०१५ रोजी तीस हजारावी मानवंदना झाली. २०२० मध्ये करोनाच्या टाळेबंदीत प्रेक्षकांना मज्जाव होता. तेव्हा एकच बिगूलवादक येई, धून वाजवून परत जाई.