कापसाचे मनोरे

खांडबाऱ्यात उंच म्हणावे असे काही नाही. पाण्याची टाकी आहे, मोबाईलचे मनोरे आहेत, आणि क्षितिजावर डोंगर आहेत. पण त्यांची उंची कोणी हिशेबात धरत नाही, कारण ती कोणी बांधलेली नाही. अशा गावात बसून गगनचुंबी इमारतींवर लिहिणे हा अगोचरपणा वाटेल. तरीही मुंबईच्या उंचीचा इतिहास खानदेशातून पाहिला, तर तो मुंबईतून दिसतो त्याहून थोडा निराळा दिसतो, असे माझे मत आहे. निदान त्यातला कापूस तरी दिसतो.

उंच बांधण्याची हौस आपल्याकडे आयात झाली, असे मात्र समजू नये. 1730 साली पायाभरणी झालेल्या पुण्याच्या शनिवारवाड्याची आख्यायिका प्रसिद्ध आहे. दगडी वाडा बांधण्याचा अधिकार छत्रपतींचा, पेशव्यांचा नव्हे. म्हणून जोत्याच्या वरचे मजले विटांचे झाले, असे सांगतात. गच्चीवरून आळंदीचा कळस दिसे, हेही सांगतात. 1828 च्या आगीत वरचे लाकूड-विटांचे काम जळाले आणि दगडी तट व जोती तेवढी उरली. कथेचा खरेखोटेपणा बाजूला ठेवू. उंचीला कोणाची तरी परवानगी लागते, ही गोष्ट त्या कथेला पक्की ठाऊक आहे. पुढे परवानगी देणारे बदलले, एवढेच.

मुंबईत ही परवानगी पैशाने दिली, आणि तो पैसा कापसाचा होता. 1861 साली अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांनी हिंदुस्थानी कापसाकडे मोर्चा वळवला. खानदेश हा कापसाचा मुलूख; त्याच सुमारास ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे भुसावळपर्यंत येऊन पोहोचत होती. मुंबईत पैशाचा पूर आला. बँका निघाल्या, समुद्र बुजवून जमीन करण्याच्या कंपन्या निघाल्या, आणि जी जमीन अजून पाण्याखाली होती तिचे शेअर हातोहात खपू लागले. या सट्ट्याचा अनभिषिक्त राजा म्हणजे प्रेमचंद रायचंद. त्यांनी 1864 साली मुंबई विद्यापीठाला ग्रंथालयासाठी दोन लाख आणि मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख रुपये दिले. मनोऱ्याला आपल्या आईचे, राजाबाईचे, नाव द्यावे ही त्यांची इच्छा होती.

1865 मध्ये युद्ध संपले, कापसाचे भाव कोसळले आणि मुंबईतील पेढ्या पत्त्यांच्या बंगल्यासारख्या पडल्या. खुद्द प्रेमचंदही बुडाले. दिलेली देणगी मात्र वाचली. 1869 साली पायाभरणी झाली आणि 1878 साली 280 फूट उंचीचा राजाबाई टॉवर पुरा झाला. ज्या तेजीने तो मागितला ती केव्हाच विरून गेली होती. इंग्लंडमध्ये बसलेल्या सर जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी आराखडा केला. पण मनोऱ्यावर कोरलेल्या, पश्चिम हिंदुस्थानातील जातिजमातींच्या 24 आकृतींमागे रावबहादूर मुकुंद रामचंद्र या एतद्देशीय अभियंत्याचा हात होता. समाज दगडात कोरून भिंतीवर चढवायचा ही कल्पना मला आजही विलक्षण वाटते. पुढच्या उंच इमारतींनी ती सोडून दिली. काचेवर कोणाला कोरणार?

येथे एक उपकथा सांगितल्यावाचून राहवत नाही. उंच इमारतीचा जन्म शिकागोत झाला असे आपण शिकतो. 1885 ची दहामजली होम इन्शुरन्स बिल्डिंग, तिचा लोखंड-पोलादाचा सांगाडा, आणि त्याआधी ओटिसने पडू न देणारी लिफ्ट दाखवलेली. भिंतीने भार वाहायचा तर तळाची भिंत जाड होत जाते आणि खालच्या मजल्यावर भाड्याने द्यायला जागाच उरत नाही. भार सांगाड्याने वाहिला की भिंत निव्वळ पडदा उरतो. हे खरेच आहे. पण काळ्या घोड्याजवळचे वॉटसन हॉटेल, आजचे एस्प्लनेड मॅन्शन, 1860 च्या दशकातच बिडाच्या सांगाड्यावर उभे राहिले होते. त्याचे खांब-तुळया इंग्लंडमध्ये ओतून जहाजाने मुंबईला आणल्या आणि येथे जोडल्या. इमारत पाचच मजली. म्हणजे गगनचुंबी इमारतीचा सांगाडा मुंबईत शिकागोच्या आधी आला होता. आकाश तेवढे नंतर आले.

ते आले शतकभराने, आणि त्याच बॅकबेवर, जिच्या शेअरांनी 1865 साली लोकांना रस्त्यावर आणले. बुजवलेल्या समुद्रावर 1970 च्या दशकात नरिमन पॉइंटचे मनोरे उठले. 1974 सालची 23 मजली एअर इंडिया इमारत त्यांतली सर्वांत ओळखीची. चार्ल्स कोरिया यांनी पेडर रोडवर 1983 मध्ये पुरी केलेली कांचनजंगा ही बहुधा एकच उंच इमारत अशी, जिने पाऊस आणि वारा यांचा विचार जुन्या बंगल्याच्या व्हरांड्याइतका मनापासून केला. बाकीच्यांनी तो वातानुकूलन यंत्रावर सोपवला.

खरा अध्याय पुढचा आहे. 18 जानेवारी 1982 रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. तो संप रीतसर कधी मिटलाच नाही. गिरण्यांची धुराडी, म्हणजे गिरणगावातली एकमेव उंची, थंड झाली आणि धुराड्याखालची जमीन धुराड्याहून मौल्यवान ठरली. 1991 च्या विकास नियंत्रण नियमावलीतील 58 व्या नियमाने या जमिनीचे साधारण तीन वाटे केले होते: एक मोकळ्या जागेसाठी महापालिकेला, एक घरांसाठी म्हाडाला, एक मालकाला. 2001 च्या दुरुस्तीने हे वाटे गिरणीतील फक्त मुळात मोकळ्या असलेल्या जमिनीपुरते आकसले. जेथे शेड उभी होती, तेथे वाटणीचा प्रश्नच उरला नाही. 2006 साली सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती उचलून धरली. मुंबईचे आजचे आकाश एका वाक्याच्या दुरुस्तीने कोरले गेले, असे मी म्हणतो तेव्हा अतिशयोक्ती फारशी करत नाही.

लोअर परळच्या श्रीनिवास मिलच्या जागेवर जगातील अत्युच्च निवासी इमारत होणार म्हणून 2010 मध्ये गाजावाजा झाला. ठरलेली उंची 442 मीटर. विमान वाहतुकीच्या परवानगीअभावी ती 280 मीटरच्या आसपास थांबली. शनिवारवाड्याचीच कथा, फक्त छत्रपतींच्या जागी विमानतळ. घरांसाठी अर्ज केलेल्या गिरणी कामगारांची व वारसांची संख्या लाखाच्या वर आहे, आणि त्यांतल्या थोड्यांनाच सोडतीत घर लागले.

मग महत्त्वाकांक्षा कोणाची? उंच इमारत हे मानवी महत्त्वाकांक्षेचे प्रतीक, असे छापील वाक्य आपण वाचतो, तेव्हा ‘मानवी’ हा शब्द फार मोकळा सोडलेला असतो. प्रेमचंदांची होती, मान्य. मालकाची, बिल्डराची, पंचेचाळिसाव्या मजल्यावर कर्ज काढून घर घेणाऱ्याचीही आहे, आणि मी तिला तुच्छ लेखत नाही. पण परातीचे काय?

खांडबारा स्टेशन सुरत–भुसावळ मार्गावर आहे. ताप्ती व्हॅली रेल्वे म्हणून एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस हा मार्ग घातला गेला. आता याच मार्गाने दिवाळीनंतर माणसे जातात: बारडोलीकडे ऊसतोडीला, सुरतेकडे बांधकामाला. सुरतेत 2023 साली उघडलेला हिऱ्यांचा बाजार पंधरा मजल्यांचा, पण क्षेत्रफळाने अमेरिकेच्या पेंटॅगॉनलाही मागे टाकणारा. बांधकाम कामगारांसाठी केंद्रीय कायदा आहे, बांधकाम खर्चावर उपकरही आहे. नोंदणीसाठी वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला लागतो, आणि मंडळ राज्याराज्याचे वेगळे. नवापूरपलीकडे गुजरात लागतो. घर या बाजूला, दाखला त्या बाजूला.

मागच्या हिवाळ्यात फलाटावर गोदड्यांच्या गाठोड्यावर बसलेल्या एका गृहस्थांशी बोलणे झाले. सेंट्रिंगचे काम करतात, बाविसाव्या मजल्यापर्यंत चढलेले. मी विचारले, “दादा, वरून काय दिसतं?”

“खालची माणसं कुठं उभी आहेत ते बघावं लागतं,” ते म्हणाले. “फळी सुटली तर.”

“आणि इमारत पुरी झाल्यावर? कधी वर गेलात?”

ते हसले. “लिफ्ट लागली की आपलं काम संपलं ना, सर.” मग त्यांनी गाडी किती उशिरा आहे ते विचारले.