जात्याच्या तोंडून

निर्जीव वस्तूला माणसाचे गुण दिले की ती चेतनगुणोक्ती, असं आपण शाळेत व्याकरणाच्या तासाला शिकलो. पण मराठीतल्या या रीतीचं कूळ अलंकारशास्त्रात शोधू नये, असं मला ठामपणे वाटतं. तिचं माहेर जात्यापाशी आहे.

दळणारणीच्या बोलीत जात्याला तोंड असतं आणि त्या तोंडात मुठीनं घालायची ती वैरण. पहाटेच्या काळोखात सासरचं दुखणं सांगायचं कुणाला? मग खुंटा धरून ती त्या दगडालाच देव म्हणते, ‘तू’ म्हणते, भावाची वाट पाहणं त्याच्या कानावर घालते. लग्नघरी त्याच जात्याला हळदकुंकू लावून घाणा भरतात. लेखणीच्या किती आधी हे सगळं घडून गेलं होतं!

दळताना हे सगळं ती सांगते ते ओवीत, आणि ओवी मुळातच जुनी. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या ‘मानसोल्लास’ या संस्कृत ग्रंथात (सुमारे ११२९) महाराष्ट्रातल्या बायका कांडताना ओव्या गातात, अशी नोंद आहे. कल्याणी म्हणजे आजचं बिदर जिल्ह्यातलं बसवकल्याण. मराठी बायकांच्या गाण्याची साक्ष कन्नड मुलखातल्या राजानं द्यावी, याचं आम्हा सीमेवरच्यांना अप्रूप आहे. पुढे १२९० साली ज्ञानेश्वरीही ओवीतच उभी राहिली.

विजापूर जिल्ह्यातल्या इंडीत १९१४ साली जन्मलेल्या आणि बेळगावात संसार, नोकरी, कविता केलेल्या इंदिरा संत यांच्याकडे तोच ‘तू’ आला. पावसाचं नुसतं वर्णन करून त्या थांबत नाहीत. घरात शिरू पाहणाऱ्या दांडग्या पोराला आवरावं तसं त्याला विनवतात, दटावतात, आपलं मोडकं छप्पर दाखवतात. त्यात अलंकार म्हणून वेगळा काढावा असं काही सापडत नाही. दळणारणीचा सूर मात्र लगेच ओळखू येतो.

वस्तूला माणूस मानायची ही रीत आजही दिसते. बेळगावच्या उत्तरेला कडोलीत दरवर्षी मराठी साहित्य संमेलन भरतं. ग्रंथदिंडी निघते, पुस्तकं मानानं पालखीत बसतात. आणि शाळेतली पोरं अजूनही ‘फाटक्या पुस्तकाचं मनोगत’ लिहितात.

हेमा राईरकर आणि गी प्वातवँ यांनी महाराष्ट्राच्या गावोगावी फिरून, सहकाऱ्यांच्या मदतीनं लाखाहून अधिक ओव्या जमवल्या. विजेच्या गिरणीनं जातं कोपऱ्यात गेलं, तरी ते ओढलेल्या म्हाताऱ्या बायका आमच्या या पट्ट्यातही आहेत. दिंडीत पुस्तकांमागून चालणाऱ्या तरुणांनी आता त्यांच्या उंबऱ्याशी बसावं, आणि ओवी त्यांच्याच उच्चारात टिपून घ्यावी.