जागा किती आणि कुणाच्या?

परवा वरळी कोळीवाड्यात, किल्ल्याजवळ गप्पा मारत बसलो होतो. एकाने विचारलं, ‘‘मोठं स्टेडियम म्हणजे किती मोठं?’’ मी अमेरिकेतल्या मिशिगन विद्यापीठाच्या स्टेडियमचं नाव घेतलं. १९२७ साली ते खुलं झालं. आज त्याची क्षमता आहे १,०७,६०१. चेंडू हातात घेऊन धावायचा त्यांचा तो फुटबॉल; आणि मैदान व्यावसायिक संघाचं नव्हे, कॉलेजच्या पोरांचं! अहमदाबादचं स्टेडियम आता १ लाख ३२ हजारांचं आहे, तेव्हा आपणही मागे नाही. पण मिशिगनच्या आकड्यात एक गोम आहे. तिथे बहुतेकांच्या वाट्याला खुर्ची येत नाही. लांबलचक बाकं आणि त्यांवर टाकलेले आकडे. आपल्या लोकलमधल्या चौथ्या सीटचंच गणित म्हणा ना.

हे गणित उलटं फिरलं ते वानखेडेवर. तिथे पूर्वी ४५ हजार माणसं मावत. २०११च्या विश्वचषकासाठी नूतनीकरण झालं, बाकं जाऊन सुट्या खुर्च्या आल्या आणि क्षमता ३३ हजारांच्या आसपास आली. पाठ टेकायला मिळाली खरी, पण बारा हजार माणसं बाहेर राहिली.

मुळात वानखेडे उभं राहिलं तेच जागांच्या भांडणातून. चर्चगेटला भरावाच्या जमिनीवर क्रिकेट क्लब ऑफ इंडियाने बांधलेलं ब्रेबॉर्न १९३७ साली खुलं झालं. (भराव म्हटलं की आमच्या कोळीवाड्याचे कान टवकारतात, ते असो.) त्याच वर्षी पंचरंगी स्पर्धेतून हिंदू संघाने अंग काढून घेतलं. कारण काय, तर नव्या स्टेडियममध्ये त्यांच्या वाट्याला आलेल्या जागा! संघच धर्मावर पाडलेले, मग खुर्च्यांचीही वाटणी त्याच हिशेबाने मागितली जाणार. पुढे मैदान क्लबचं आणि सामने भरवणार बॉम्बे क्रिकेट असोसिएशन, या व्यवस्थेत प्रेक्षकांच्या जागांवरून खटके उडतच राहिले. शेवटी असोसिएशनचे अध्यक्ष बॅरिस्टर शेषराव वानखेडे यांनी स्वतंत्र मैदानाचा हट्ट धरला. ते तेव्हा विधानसभेचे अध्यक्ष होते, त्यामुळे हट्टाला वजन होतं. वास्तुरचनाकार शशी प्रभू यांनी साधारण वर्षभरात काम उभं केलं आणि जानेवारी १९७५मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध पहिली कसोटी झाली. क्लाइव्ह लॉइडने नाबाद २४२ धावा केल्या. त्याचं अभिनंदन करायला मैदानात धावलेल्या एका प्रेक्षकाला पोलिसांनी मारलं, लोक भडकले आणि खेळ थांबला. अर्ध्या मैलात दोन स्टेडियमं! माझ्या मते एवढा खर्च वाचवायला दोन्ही बाजूंना थोडं सरकून बसता आलं असतं.

आमच्या जवळचं स्टेडियम म्हणजे वरळीचं वल्लभभाई पटेल स्टेडियम. जुन्या मुंबईकरांना तिथल्या दारासिंगच्या कुस्त्या आठवतील. मार्च २०२०च्या अखेरीस कोरोनामुळे आमचा कोळीवाडा सील झाला. बाधितांच्या संपर्कात आलेल्या कितीतरी लोकांना याच स्टेडियममध्ये नेऊन ठेवलं. आत ओळीने खाटा मांडलेल्या होत्या. एरवी तिकीट काढून आत शिरायची धडपड करणारी माणसं त्या वेळी आपला नंबर कधी सुटतो, याची वाट पाहत होती.